एका जॅकेटच्या पैशात दोन

११ ऑक्टोबर, शनिवार

लेदर की टेक्स्टाइल? डोकं नुसतं भंजाळलंय!

बाईकवर घालायच्या जुन्या जॅकेटची चेन गेली. कोपरातला फोम भुगा होऊन गळतो. परवा कामावर, चष्म्याच्या दुकानात, एका बाईंच्या डोळ्यांचा नंबर काढत होते, तर माझ्या बाहीला चिकटलेला पिवळा चुरा टेबलावर सांडला. बाई घाबरल्या — 'हे माझ्या डोळ्यातून पडलं का हो?' म्हणजे आता नवीन घ्यायलाच हवं.

आज कामावरून सुटल्यावर रायडिंगच्या सामानाच्या दुकानात गेले. सासूबाई बरोबर. लग्नापासून मी त्यांना आई म्हणते, पण आज दुकानात मीच त्यांची आई झाले! प्रत्येक जॅकेटला हात लावायचा, वास घ्यायचा, आणि मोठ्याने — 'हे कुणाचं गं कातडं?' शेवटी दंडाला धरून त्यांना स्टुलावर बसवलं.

दुकानदार बोलका. 'मॅडम, रस्त्यावर घासत गेलात तर लेदरसारखं काही नाही. ते झिजतं, तुम्ही झिजत नाही. पण जड. उन्हात उकडून निघाल, आणि भिजलं की वाळता वाळत नाही. टेक्स्टाइल म्हणजे जाड कापडी, हलकं, हवा खेळती, आतून पावसाचं अस्तर. मात्र एकदा जोरात घासलं की बाद.'

विचार करते म्हणाले. घरी साहेबांना विचारलं. (नवरा. कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे, घरातही अधिकारीच. गॅसच्या शेगडीशेजारी सूचना चिकटवल्यात!) म्हणाला, 'गाडी विकून टाक, जॅकेटचा प्रश्नच मिटतो.'

याच्याशी बोलून उपयोग नाही.


१२ ऑक्टोबर

लेदरच. नाही, टेक्स्टाइल. नाही. झोपते.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

माझी सुट्टी, म्हणून आईंची फेरी. साहेब कारखान्यात गेला की आम्ही निघतो. त्याला वाटतं बसने जातो. त्याचं जुनं हेल्मेट माझ्या कामाच्या दुकानात लपवलेलं असतं, आधी तिकडे जायचं, मग तळ्याकाठी, चहा प्यायचा, त्याच्या जेवणाच्या फोनआधी घरी हजर. शाळेतल्या मुलींसारखं चाललंय. एक चाळिशीची, एक पासष्टीची!

बाबा, म्हणजे सासरे, गेल्यावर आई वर्षभर खिडकीशी बसून होत्या. वाचनालयातली नोकरीही तेव्हाच संपली. एकदा दवाखान्यात जायला उशीर झाला म्हणून मी गाडीवर बसा म्हटलं. बसल्या. परत येताना म्हणाल्या, 'लांबच्या रस्त्याने घे ना.' तेव्हापासून हे सुरू आहे. मागे बसून गुणगुणतात. हेल्मेटमुळे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.


१८ ऑक्टोबर, शनिवार

घेतलं. लेदर. काळं, खांद्यावर बारीक शिवणीची नक्षी.

दोन्ही घालून बघितली. टेक्स्टाइलमध्ये मी गॅस सिलिंडर पोचवायला आल्यासारखी दिसते. लेदर घातलं आणि आरशात कुणी वेगळीच उभी! पाठ आपोआप ताठ. खांदे, कोपर, पाठ — सगळीकडे आतून संरक्षक पट्ट्या. दुकानदार म्हणाला, 'हे तुम्हाला बसलंय, मॅडम.'

मग तो आईंकडे बघून म्हणाला, 'मागे बसणारं कुणी असतं का? असेल तर सांगतो, ह्याच पैशात टेक्स्टाइलची दोन चांगली येतील.'

आई लगेच — 'मला कशाला? मी काय चालवते का?'

मी त्यांच्याकडे बघितलं. अंगात तो राखाडी स्वेटर. मी म्हणाले, 'पुढच्या वेळी तुमचं घेऊ, आई.' त्या म्हणाल्या, 'हो, हो.' आणि मी पैसे दिले.

का लिहून ठेवतेय हे? जरा टोचतंय म्हणून. जाईल.


१९ ऑक्टोबर

साहेबाने जॅकेटची परीक्षा घेतली! कोपराच्या पट्ट्या दाबून बघितल्या, आतली चिठ्ठी चष्मा लावून वाचली, शिवण ओढून पाहिली. 'वस्तू चांगली आहे,' म्हणाला. 'गाडी चालवणारच असशील तर असं काहीतरी घालून चालव.' त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पदकच.

आई भाजी चिरत होत्या. मान वर केली नाही.


२३ ऑक्टोबर, गुरुवार

नव्या जॅकेटमध्ये पहिली फेरी. आई मागून म्हणाल्या, 'गालाला गार लागतं गं हे कातडं!' आणि तरी गाल टेकवून बसल्या.

एक गोष्ट. हे जॅकेट घातल्यापासून मी वळणं जरा जास्त वाकून घेते. काही होणार नाही असं वाटतं. अंगावर कवच असल्यासारखं. छान वाटतं, खरं सांगायचं तर.


३० ऑक्टोबर

पडलो. मी ठीक आहे. आई नाही.


३१ ऑक्टोबर

काल एवढंच लिहिता आलं. आज लिहिते.

तळ्याच्या वळणावर वाळू सांडलेली होती. बांधकामाच्या ट्रकमधून पडली असणार. दिसली, पण मी आधीच वाकलेली होते. मागचं चाक सटकलं. वेग फार नव्हता — हे मी कालपासून स्वतःला सांगतेय. फार नव्हता. पण असायला हवा होता त्याहून जास्त होता.

मी कोपरावर पडून घसरत गेले. खरखर असा आवाज फक्त. दुखलंसुद्धा नाही! उठून उभी राहिले आणि एक क्षण — एक क्षण — मी जॅकेटच्या कोपराकडे बघितलं. किती खरचटलं ते.

मग मागे बघितलं.

आई बसलेल्या होत्या रस्त्यावर, पाय पसरून. हेल्मेट जागेवर. स्वेटरची बाही कोपरापर्यंत नाहीशीच झाली होती. लोकर आणि कातडी एकमेकांत अडकलेली. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं. आणि मला म्हणतात, 'तुला लागलं का गं?'

चहावाल्याने रिक्षा थांबवली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, 'जिन्यावरून पडले.'

डॉक्टरांनी चिमट्याने वाळूचा एक खडा काढला, ट्रेमध्ये टाकला. टण्ण. 'जिना बराच खडबडीत दिसतोय,' म्हणाले.

मी त्या खड्याकडे बघत राहिले. मी काहीच बोलले नाही.

संध्याकाळी साहेब आला, त्यालाही जिनाच. त्याने आईंचा प्लॅस्टरमधला हात दोन्ही हातांत घेतला. 'कितव्या पायरीवर?' आईंनी पायरीसुद्धा सांगितली!


२ नोव्हेंबर, रविवार

गाडी चहावाल्याकडून आणली. एक आरसा फुटलाय. जॅकेट कपाटाच्या वरच्या फळीवर, चादरींच्या मागे कोंबलं. कोपरावर तळहाताएवढा पांढरट ओरखडा, बस. आतलं अस्तरही शाबूत. दुकानदार खरं बोलत होता. ते झिजतं, तुम्ही झिजत नाही. तुम्ही म्हणजे मी.

साहेब जिना बघून आला. पायऱ्या गुळगुळीत झाल्यात म्हणे, कठड्याला पकड नाही, आणि ओल असते. सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे. मी म्हटलं, जाऊ दे ना. तो म्हणाला, 'उद्या दुसरं कुणी पडेल!'


५ नोव्हेंबर

पट्टी बदलायला मीच नेते. ओली करून सोडवतात, तरी शेवटी ओढावीच लागते. आई छताकडे बघतात. आज परिचारिका म्हणाली, 'आजी, रडलात तरी चालेल.' आई म्हणाल्या, 'ही रडतेय ना, पुरे की.'

रात्रीच नाही, आता दुपारीसुद्धा तेच डोक्यात. ह्याच पैशात दोन. ह्याच पैशात दोन. दोन टेक्स्टाइल घेतली असती तर माझं बाद झालं असतं, त्यांचं बाद झालं असतं, आणि ही बाही शाबूत राहिली असती. मनगट कदाचित मोडलंच असतं. पण ही कातडी...

आईंना म्हणाले, 'मी तुमचं तेव्हाच घ्यायला हवं होतं.' म्हणाल्या, 'मीच नको म्हणाले ना! हात बरा होऊ दे, जाऊ आपण परत.' ऐकून एवढं बरं वाटलं की लाज वाटली.


९ नोव्हेंबर, रविवार

जिना पुसणाऱ्या मावशींना कामावरून काढलं.

साहेबाने कठड्याबद्दलच बोलायचं ठरवलं होतं, तो शपथेवर सांगतो. पण बैठकीत एकाने म्हटलं, ती बाई पाणी तसंच सोडते. दुसऱ्याने होकार दिला. झालं. कठडा नवा बसवण्यापेक्षा बाई बदलणं सोपं.

मी आईंच्या खोलीत गेले, दार लावलं. 'आई, आता सांगायला हवं.' त्या उशीशी चाळा करत राहिल्या. मग हळूच — 'सांगितलंस तर तो मला पुन्हा कधी बसू देईल का? आणि तुला गाडी ठेवू देईल का? थोड्या दिवसांनी घेतील तिला परत. इतकं चांगलं कोण पुसतं?'

मला पटलं. म्हणजे मी पटवून घेतलं.


११ नोव्हेंबर, मंगळवार

फाटकाशी मावशी भेटल्या. आपली बादली न्यायला आल्या होत्या. माझ्याशी तक्रार करतील, चिडतील असं वाटलं. त्या आधी आईंच्या हाताचं विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, 'ताई, मी त्या दिवशी जिना पुसलाच नव्हता हो. गुरुवारी मी पलीकडच्या इमारतीत असते. साहेबांना सांगाल का तुम्ही? माझं कुणी ऐकून घेत नाही.'

'सांगते,' म्हणाले.

घरी येऊन चहा केला. साहेबाला चहा दिला. नाही सांगितलं.


१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दुकानात एका आजोबांना तक्ता वाचायला लावला. शेवटची ओळ येईना. 'दिसत नाही का?' विचारलं. म्हणाले, 'दिसतं हो, पण चुकीचं बोललो तर?' मी म्हटलं, चुकीचं बोललात तरी चालेल, गप्प बसलात तर मला काहीच कळणार नाही.

आपलंच वाक्य आपल्या कानात वाजलं. दिवसभर.

जेवताना सांगितलं.

सगळं. गाडी, गुरुवार, बस नसलेली बस, वाळू, वाकून घेतलेलं वळण. आई मध्येच म्हणाल्या, 'जिन्याचं मी बोलले, हिने नाही.' मी म्हटलं, 'आई, थांबा.' त्यांना थांबवण्याची माझी पहिलीच वेळ असेल.

साहेब ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं! म्हणाला, 'जॅकेट आण.'

चादरींमागून काढून आणलं. त्याने ते ताटांच्या शेजारी टेबलावर पसरलं. कोपरावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग आईंची बाही वर केली. पट्टीच्या कडेने आत, नवी गुलाबी कातडी दिसत होती. तेच कोपर. तीच बाजू. बराच वेळ इकडून तिकडे बघत होता.

'मी ह्याचं कौतुक केलं होतं,' म्हणाला.

मग ताट तसंच ठेवून उठला. चप्पल घातली. 'कुठे?' आईंनी विचारलं.

'त्या बाईंच्या घरी. पत्ता कुणाला माहीत आहे?'

मला माहीत नव्हता. आईंना माहीत होता.


१६ नोव्हेंबर, रविवार

मावशी आल्या परत. साहेबाने बैठकीत उभं राहून सांगितलं, 'माझी चूक झाली. माझ्या घरात जे घडलं ते मला माहीत नव्हतं.' माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, मी हात वर केला. 'गाडीवरून पडलो होतो. जिन्यावरून नाही.' सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता वर्षभर जिन्यात भेटणं मुश्कील!

मावशी आईंशी बोलतात, हाताची चौकशी करतात. माझ्याकडे बघत नाहीत. मी जिन्यावर दिसले की फडकं पिळतात, खाली मान घालून. बरोबर आहे. 'सांगते' म्हणाले होते मी.


२४ नोव्हेंबर

साहेब माझ्याशी कामापुरतं बोलतो. दूध आणलं का. किल्ली कुठे. गाडीबद्दल एक शब्द नाही. विक म्हणाला असता तर मी विकली असती. विचारतच नाही.


११ डिसेंबर, गुरुवार

प्लॅस्टर निघालं. हात काडीसारखा झालाय, आणि कोपरापाशी नकाशासारखा डाग. मुठीत चेंडू दाबायचा व्यायाम दिलाय. आई दाबतात आणि चेंडूला शिव्या देतात.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, 'आई, गाडी काढून टाकते मी. खरंच.' तर चिडल्या! 'काढून टाकते म्हणे. आणि मला कोण नेणार तळ्यावर? हात नीट होऊ दे जरा.'

खिडकीकडे तोंड करून बसले. हसू येत होतं, रडूही. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवले आज.


२१ डिसेंबर, रविवार

आज आक्रीत घडलं. साहेब म्हणाला, 'चला, दुकानात.' कोणत्या? 'जॅकेटच्या.'

तिघं गेलो. दुकानदाराने आईंचा हात बघितला आणि काही विचारलं नाही. मी माझं लेदर पिशवीतून नेलं होतं. ते घेऊन बदल्यात काही देता येईल का म्हटलं. म्हणाला, 'ह्याने आपलं काम केलंय, मॅडम. आता ते तुमचंच.'

साहेब दीड तास दोन टेक्स्टाइल जॅकेटांच्या शिवणी ओढत होता! आईंसाठी सैल बाही नको, आतली पट्टी सरकते. कोपराची पट्टी बरोबर कोपरावर यायला हवी. मनगटाला घट्ट बंद हवा. आईंना उभं करून, बसवून, हात पुढे घ्यायला लावून बघितलं. लेदर का नाही, असं मीच विचारलं. घासलं तर तेच चांगलं ना? म्हणाला, 'जड आहे. आईच्या खांद्यांना झेपणार नाही, मग ती घालायचीच नाही. जे अंगावर राहतं ते चांगलं.'

आईंसाठी निळं. माझ्यासाठीही एक घे म्हणाला. नको म्हणाले. मला ओरखड्याचंच बरं.

घरी येताना त्याने हळूच विचारलं, 'गुणगुणते का ती मागे बसून?'

'हो.'

'आमच्या लहानपणी गुणगुणायची. विसरलोच होतो मी.'


१ जानेवारी, गुरुवार

सुट्टी होती, ऊनही छान. निघायचं का विचारलं. आई म्हणाल्या, 'आज मनगट ठणकतंय गं.' बरं म्हटलं. घाई नाही.


८ जानेवारी, गुरुवार

आज त्यांना शिंका येत होत्या.

पण जॅकेट रोज काढून बघतात, चेन वर-खाली करतात. मला म्हणतात, 'पुढच्या आठवड्यात नक्की.' गाडी धुतली. नवा आरसा बसवला. तळ्याच्या वळणावर एकटी जाऊन आले — वाळू नाही, रस्ता स्वच्छ. हळू घेतलं. इतकं हळू की मागचा सायकलवाला पुढे गेला!

फार दिवसांनी हलकं वाटतंय. सगळं पुसलं जाणार नाही, माहीत आहे मला. पण त्या परत मागे बसल्या की निदान एवढं तरी होईल, की मी त्यांचं जे घेतलं ते परत दिलं.


१५ जानेवारी

आईंची मैत्रीण आली होती. राहिलं.


२२ जानेवारी, गुरुवार

बसल्या. निळं जॅकेट, हेल्मेट, सगळं. साहेब अर्धी रजा काढून खाली उभा होता. गाडी सुरू केली. फाटकापर्यंतही पोचलो नसू, त्यांचं अंग थरथरतंय हे दोन्ही जॅकेटांतून मला पाठीला कळलं.

'उतरव मला.'

उतरवलं. हेल्मेट काढवेना त्यांना, मीच काढलं. म्हणाल्या, 'रस्त्यावर कुणाचीही गाडी वाजली तरी मी खिडकीपासून उठून आत जाते. त्या दिवसापासून. जाऊ जाऊ म्हणत होते ते तुला बरं वाटावं म्हणून गं.'

आणि मला बरं वाटत होतं.